घरपट्टीच्या बिलातली एक ओळ

अमेरिकेत सिएटलच्या शेजारी रेडमंड, बेलव्ह्यू या भागात मराठी घरं आता पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टचं मुख्यालयच रेडमंडला आहे म्हटल्यावर नवल नाही. सिएटल धरून हा सगळा मुलूख किंग काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत किंग जिल्ह्यात, येतो. इथली घरपट्टी एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन हप्त्यांत भरायची असते, आणि तिच्या बिलात शाळा, बंदर, ग्रंथालय यांच्या जोडीला तातडीच्या वैद्यकीय सेवेची एक ओळ असते. 2019 मध्ये मतदारांनी पुढच्या सहा वर्षांसाठी मंजूर केलेला दर होता हजार डॉलरमागे साडेसव्वीस सेंट, म्हणजे दहा लाखांच्या घराला वर्षाला जास्तीत जास्त 265 डॉलर. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामागची गोष्ट लांबलचक आहे.

1960 च्या दशकात अमेरिकेतल्या जवळपास निम्म्या ॲम्ब्युलन्स अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवत. कारण अगदी साधं होतं. माणूस आडवा झोपवून नेता येईल एवढी लांब गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. गाडीत उपचार असे नसतच, चालकानं भरधाव रुग्णालय गाठायचं एवढंच. रस्त्यावरच्या अपघातात माणसं कशी हकनाक मरतात यावर राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं 1966 मध्ये एक अहवाल काढला, आणि या कारभाराची लक्तरं वेशीवर टांगली.

त्याच वर्षी तिकडे बेलफास्टमध्ये डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा डिफिब्रिलेटर ॲम्ब्युलन्समध्ये चढवला. हृदयविकारानं जाणारे बरेचसे रुग्ण रुग्णालयाचं तोंड बघण्याआधीच जातात, तेव्हा विजेचा झटका देणारं यंत्रच त्यांच्या दारात न्यावं, हा त्यांचा विचार. फक्त त्यांच्या गाडीत डॉक्टर बसत.

सिएटलच्या हार्बरव्ह्यू रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. लिओनार्ड कॉब यांनी ही कल्पना उचलली आणि तिच्यातला डॉक्टर काढून टाकला. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास या एका वजाबाकीतून निघतो. शहराचे अग्निशमन प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांच्याकडे गल्लोगल्ली केंद्रं होती, चोवीस तास जागी माणसं होती आणि मिनिटांत निघायची सवय होती. नव्हतं ते वैद्यकीय ज्ञान, आणि ते कॉब यांच्याकडे होतं. मग बंबवाल्यांनाच शिरेत सुई घालायला, हृदयाचा आलेख वाचायला, श्वासनलिकेत नळी बसवायला शिकवलं. मार्च 1970 मध्ये ‘मेडिक वन’ रस्त्यावर आलं. पहिली गाडी इतकी अवजड आणि बेढब होती की तिचं नाव पडलं ‘मोबी पिग’.

पुढच्याच वर्षापासून सामान्य नागरिकांनाही सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवायला सुरुवात झाली. गाडी कितीही लवकर आली तरी मधली चार-पाच मिनिटं शेजाऱ्याच्याच हातात असतात, हे त्यांना फार लवकर उमगलं. किंग काउंटीत पुढे फोनवरच्या ऑपरेटरलाच हे काम दिलं गेलं: 911 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर आलेल्या घाबऱ्या आवाजाला ‘छातीच्या मधोमध तळहात ठेवा, जोरात दाबा’ असं सांगत राहायचं.

आता प्रश्न पैशाचा. काउंटीत 39 शहरं, शिवाय शहरांबाहेरची वस्ती. प्रत्येकानं आपापलं बघायचं ठरवलं असतं तर श्रीमंत बेलव्ह्यूला पॅरामेडिक, म्हणजे असे शिकवून तयार केलेले जवान, मिळाले असते आणि डोंगराकडच्या गावांना ठेंगा. 1979 मध्ये राज्याच्या कायद्यानं या सेवेसाठी वेगळा मालमत्ता कर लावायची मुभा दिली, आणि त्याच वर्षी काउंटीच्या मतदारांनी तो स्वीकारला. मुदत सहा वर्षांची. मुदत संपत आली की पुन्हा लोकांसमोर जायचं, आणि मोठ्या शहरांच्या संमतीशिवाय तो प्रश्न मतपत्रिकेवर जातच नाही. 1997 मध्ये तेव्हा लागणारी 60 टक्के मतं पडली नाहीत आणि यंत्रणेच्या तोंडचं पाणी पळालं. काही महिन्यांतच पुन्हा मतदान घेऊन ती निभावली.

मनुष्यबळाची रचना दुपदरी आहे. छातीत दुखतंय म्हणून 911 ला फोन केला की आधी दारात बंब येतो. नव्यानं आलेल्या मंडळींना वाटतं, पत्ता चुकला. चुकलेला नसतो. बंबावरचे जवान प्राथमिक उपचाराचं शिक्षण घेतलेले असतात आणि डिफिब्रिलेटर त्यांच्याकडे असतो. प्रसंग गंभीर असेल तरच मागोमाग दोन पॅरामेडिकांची गाडी येते. अशा गाड्या वीस लाखांहून अधिक लोकवस्तीत तीसही नाहीत, आणि हे काही कंजूषपणानं केलेलं नाही. पॅरामेडिक थोडे ठेवले की प्रत्येकाच्या वाट्याला गंभीर रुग्ण जास्त येतात, हात बसलेला राहतो, हा इथला जुना सिद्धांत. हार्बरव्ह्यूत त्यांचं शिक्षण सुमारे दहा महिने चालतं. त्याचा खर्च 1974 पासूनची मेडिक वन फाउंडेशन देणग्यांतून उचलते. काम मात्र ते स्वतःच्या अधिकारात करत नाहीत, वैद्यकीय संचालक डॉक्टरांच्या देखरेखीखाली करतात.

आपल्याकडे 2014 मध्ये महाराष्ट्रात 108 सेवा आली तेव्हा नेमकी उलटी वाट धरली गेली. सगळ्या 937 गाड्यांवर डॉक्टर, बरेचसे आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. आपल्याकडे पदवीधर डॉक्टर मुबलक आणि पॅरामेडिक घडवणारी व्यवस्था तोकडी, त्यामुळे हातात होतं ते वापरलं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणि रेडमंडच्या मंडळींचा नेहमीचा घोळ बिलाचा. पॅरामेडिकांची गाडी या करावर चालते, म्हणून तिनं रुग्णालयात नेलं तर वेगळं बिल आजवर येत नाही. पण दुखणं साधं निघालं आणि खासगी ॲम्ब्युलन्सनं नेलं, तर काही आठवड्यांनी तिचं बिल टपालानं येतं, आणि ते 265 डॉलरपेक्षा बरंच मोठं असतं.