एडीएचडीची गोळी एकदा धरली की सुटत नाही म्हणे!

अगं एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा यावरची) गोळी चालू केलीस की पोराला सवय लागेल, मग डोस वाढतच जाणार, असं सांगणारी एक तरी काकू प्रत्येक घरात असतेच. तर तसं नाहीये. मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची नेहमीची गोळी, आणि साधी असेल तर ती जेमतेम ४ तास काम करते, मग उतरते. सुरुवातीला डोस वाढतो हे खरं, पण ती सवय नव्हे, डॉक्टर मुद्दामच कमीत कमी डोसने चालू करतात आणि साधारण आठवड्या-आठवड्याने थोडं वाढवत फायदा जास्त नि त्रास कमी कुठे होतो ते बघतात, एकदा तो सापडला की बरीच मुलं त्याच डोसवर खूप दिवस राहतात. सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या गोळीने पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

खरी कटकट भुकेची, गोळीने ती कमी होते! डबा तसाच परत येतो. म्हणून गोळीआधी पोटभर नाश्ता, रात्री नीट जेवण, आणि उंची, वजन, बीपी, नाडी निदान दर ६ महिन्यांनी बघायची. अजून गरज आहे का हे वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारायचं, कधी ते काही दिवस थांबवूनही बघतात. ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध असेल तर मात्र रविवारी गोळीला सुट्टी वगैरे नाही, रोज घ्यायची, तिचा परिणाम दिसायलाच काही आठवडे जातात.