घुमटाशेजारी गिटार

पावसाळा सरला की गोव्यात अशा मैफली सुरू होतात. चार-पाच गीतकार-गायक आपापली गिटार घेऊन येतात, स्वतः रचलेली कोंकणी, मराठी, क्वचित पोर्तुगीज गाणी म्हणतात, आणि शेजारी घुमट, शामेळ, कांसाळे ही तालवाद्ये घेऊन गावातली मंडळी बसलेली असतात. जाहिरातीत याला हमखास ‘फ्यूजन’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. एकमेकांना कधी न भेटलेल्या दोन गोष्टी आणून जोडल्या, असे त्यातून वाटते. गोव्यात तर ही सोयरीक शंभर-दीडशे वर्षांची जुनी आहे.

घुमटच घ्या. दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे मडके. रुंद तोंडावर कातडे ताणलेले, मागचे अरुंद तोंड मोकळे. उजव्या हाताची बोटे कातड्यावर चालतात आणि डावा तळवा मागचे तोंड झाकतो, उघडतो. तो घुमारा त्यातून येतो. म्हणून माईक फक्त पुढे लावला तर नुसती टपटप ऐकू येते. चवथीला घराघरांत याच घुमटावर आरत्या होतात. दिवसभर कोंकणी बोलणारे घर गणपतीपुढे उभे राहिले की मराठीत गाऊ लागते, आणि त्यात कुणालाच काही वेगळे वाटत नाही. तेच घुमट दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या ख्रिस्ती घरांत व्हायोलिनबरोबर मांडो या कोंकणी गीतप्रकाराला साथ करते. कातडे पूर्वी घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्याला मनाई झाली आणि कारागीर हळूहळू बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले.

हे सगळे सुखासुखी टिकलेले नाही. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या धर्मन्यायालयाच्या, हुकूमनाम्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतले अनेक जुने रीतिरिवाज बंद केले. लग्नातल्या ओव्यासुद्धा त्यातून सुटल्या नाहीत. दुसरीकडे चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. जुना गळा आणि नवी स्वरलिपी एकत्र आल्यावर काय होते, ते एकोणिसाव्या शतकात दिसले. सासष्टीतल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, दिवाणखान्यांत मांडो घडला. संथ चाल, दोन आवाजांची जुळणी, विरहाचे बोल, आणि शेवटी दुलपद या जलद गाण्याची उडती लय. मांडोचे कितीतरी रचनाकार आपल्याला नावानिशी माहीत आहेत. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. आजच्या भाषेत ते गीतकार-गायकच होते. विषयही फक्त मोगाचा, प्रेमाचा नव्हता. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावात निवडणुकीच्या वेळी गोळीबार होऊन माणसे मेली, तर त्यावरही मांडो रचला गेला.

त्याच काळात, १७ एप्रिल १८९२ रोजी, मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी संगीत नाटक, झाला आणि त्यातल्या कांतारांनी, म्हणजे गीतांनी, गाण्याला रोजच्या बातमीची धार दिली. पुढे गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी गायक उल्हास बुयांव वेगळ्या गोव्यासाठी गावोगाव गात फिरले. कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूने लागला. आपल्यापैकी अनेकांची घरे तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूची होती, पण ती गाणी त्या घरांतही पाठ होती. एवढी ताकद गाण्यात असते. मग १९८४ मध्ये गीतकार-गायक रेमो फर्नांडिस यांनी शिवोली गावातल्या घरात बसून आपली पहिली गोव्याची कॅसेट तयार केली. आज मंचावर गिटार घेऊन बसणारी पोरे त्या वाटेने आली आहेत.

आता धालो, बायांचे गाणे-नाच. पौषातल्या चांदण्या रात्री गावातल्या बाया मांडावर जमतात, समोरासमोर दोन रांगा करतात आणि एकमेकींच्या कमरेला हात घालून मागे-पुढे झुलत गातात. एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती उचलून धरते. भाषा कोंकणी-मराठीची अशी मिसळलेली की वेगळी काढायला जाऊ नये. मांड ही पवित्र जागा. तिथे पुरुषांचे काम नाही आणि प्रेक्षकांचेही नाही. गातात त्याच ऐकतात. रात्रीमागून रात्र हे चालते, आणि अखेरच्या दिवशी काहींच्या अंगात येते. या मैफलींच्या मंचावर याच धालोला दहा मिनिटे मिळतात. तोंडे लोकांकडे करायची म्हणून दोन रांगांची एकच रांग होते, आणि उत्तर द्यायला समोर कुणी उरत नाही. माझे दुखणे इथे आहे. शिगमोतले, म्हणजे गोव्याच्या शिमग्यातले, नमन मंचावर तग धरते, कारण ते मुळातच चारचौघांसमोर देवाला हाक मारणे आहे. धालोला समोरची रांग लागते.

ही रांग पुन्हा उभी करणे काही अवघड नाही. मंच आडवा वापरायचा, बायांनी एकमेकींकडे बघायचे, आणि गिटारवाल्याने मध्ये न येता एका टोकाला बसून ओळ कधी परत येते याची वाट बघायची. दहाची वीस मिनिटे करावी लागतील. आणखी एक: अशा मैफलींच्या फलकांवर गीतकारांचे फोटो मोठे असतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘सोबत लोककलाकार’ एवढेच. मांडोच्या रचनाकारांची नावे आपण शंभर वर्षे जपली. तशीच घुमट वाजवणाऱ्याचे, धालोची ओळ पहिली उचलणाऱ्या बाईचे नावही छापा, गावासकट.