मिरवेल घरी नेण्याआधी

आमच्या दहिसरच्या रोपवाटिकेत दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, "मिरीचं झाड आहे का हो? मिरचीच्या कुंडीशेजारीच ठेवीन म्हणते, दोन्ही तिखटच ना!" गेल्या उन्हाळ्यात एक काकू अशीच शेजारी ठेवलेली वेल करपल्यावर परत घेऊन आल्या. पानं कडेने तपकिरी, शेंडा वाळलेला. चूक त्यांची नव्हती, रोप देताना आम्हीच नीट सांगायला हवं होतं. म्हणून हे पत्रक.

मिरीचं झाड नसतं, वेल असते. कोकणात तिला मिरवेल म्हणतात. शास्त्रीय नाव पायपर नायग्रम, लिनीअसने १७५३ साली नोंदवलेलं, कुल पायपरेसी. ही मूळची पश्चिम घाटातल्या दमट जंगलांची, मोठ्या झाडांच्या सावलीत खोडाला धरून वर चढणारी. मिरची मात्र सोलॅनेसी कुलातली, म्हणजे वांगी, टोमॅटो आणि बटाट्याच्या घरची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती अमेरिकेतून इकडे आणली. तिखट लागली म्हणून मिरीवरून तिचं नाव मिरची पडलं, एवढंच. मिरीचा तिखटपणा पायपरीनचा, मिरचीचा कॅप्सायसीनचा. मिरचीला दिवसाचं सहा तास ऊन द्या, ती खूश. मिरवेलीला तेच ऊन जाळतं.

मग मिरवेलीची सख्खी कोण? तुमच्या घरी नागवेल असेल तर तिच्यापाशी जा. विड्याच्या पानाची ही वेल म्हणजे पायपर बीटल. तिचं एक पान आणि मिरवेलीचं एक पान हातात शेजारी शेजारी धरा. दोन्ही हृदयाच्या आकाराची; शिरा देठाजवळून निघून वळत वळत टोकाकडे जातात. पेर फुगीर, तिथूनच चिकटणारी मुळं फुटतात. आता घोस पाहा. बहुतेक झाडांना फूल पानाच्या बगलेत येतं. मिरवेलीचा घोस पानाच्या बरोब्बर समोरच्या बाजूने लोंबतो. ही खूण एकदा डोळ्यात बसली की त्रिकटूतली पिंपळी (पायपर लाँगम) आणि मसाल्यातली कंकोळ (पायपर क्युबेबा) याच घरातल्या आहेत हे सांगावं लागत नाही. पायपर या एकाच प्रजातीत हजाराहून जास्त जाती आहेत. टेबलावर ठेवायला तुम्ही नेता ती जाड पानांची पेपरोमियासुद्धा याच कुलातली.

काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलीची. हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळी, पिकल्यावर साल काढली की पांढरी. बाजारातली गुलाबी मिरी मात्र काजूच्या कुलातली आहे. काजूची ॲलर्जी असेल तर ती टाळा. आणि बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ? ते लिंबाच्या कुलातलं.

नात्याचा कुंडीत उपयोग काय, तर मिरवेलीचा मोठा शत्रू म्हणजे मूळकूज. मुंबईच्या पावसात कुंडीत पाणी साचलं की आठवड्यात वेल बसते. दक्षिण अमेरिकेतली पायपर कोलुब्रिनम ही तिची दूरची बहीण ओल सोसते आणि या रोगालाही दाद देत नाही. तिच्या खुंटावर मिरीचं कलम बसतं, कारण प्रजाती एकच. मिरचीच्या किंवा वांग्याच्या खुंटावर ते कधीच बसणार नाही. सखल भागात, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हेच कलम न्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

गॅलरी लहान असेल तर झुडपी मिरी मागा. ती वर चढणाऱ्या फांदीपासून करत नाहीत, घोस धरणाऱ्या आडव्या फांदीपासून करतात. म्हणून ती चढत नाही, कुंडीतच पसरते आणि लवकर धरते. जंगलातल्या मिरवेलींत नर आणि मादी वेली बहुधा वेगळ्या असतात. गावाहून कुणी रानातला फाटा आणून दिला तर तो वर्षानुवर्षं नुसती पानंच देईल, असंही होऊ शकतं. पन्नियूर १ सारख्या लागवडीच्या वाणाला एकाच घोसात दोन्ही अंगं असलेली फुलं येतात.

सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली, तळाला मोकळी भोकं, मातीत शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा. नागवेलीलाही हेच लागतं, म्हणून दोघी एकाच कोपऱ्यात ठेवा. पश्चिमेच्या खिडकीला हिरवी जाळी लावा. रोप घ्यायला याल तेव्हा खिडकीचा एक फोटो मोबाइलवर घेऊन या. ऊन कुठून येतं ते पाहूनच आम्ही कुंडी काढून देऊ.