निसर्ग चक्रीवादळ आणि रायगडची किनारपट्टी: पार्श्वभूमी

3 जून 2020 रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 किलोमीटरच्या आसपास होता. हवामान विभागाच्या प्रतवारीनुसार हे ‘तीव्र चक्रीवादळ’ होते. त्याहून वरच्या प्रतीची वादळे पूर्व किनाऱ्याने अनेकदा सोसली आहेत. तरीही श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि खाडीपलीकडच्या मंडणगड-दापोली पट्ट्यात जी पडझड झाली, ती नुसत्या वेगाच्या आकड्यावरून उलगडत नाही. इथली घरे आणि नारळ-सुपारीच्या वाड्या कोणत्या वाऱ्याचा अंदाज धरून उभ्या राहिल्या होत्या, हे त्यासाठी पाहावे लागते.

अरबी समुद्रात उठणारी वादळे बहुधा पश्चिमेला ओमानकडे किंवा उत्तरेला गुजरातकडे जातात, त्यामुळे उत्तर कोकणावर थेट आदळणारे चक्रीवादळ ही विरळाच घटना. नोव्हेंबर 1948 मध्ये मुंबई परिसराला तडाखा बसला आणि 11 नोव्हेंबर 2009 रोजी ‘फयान’ अलिबाग व मुंबईच्या दरम्यान जमिनीवर आले. 1882 सालच्या जूनमध्ये वादळाने मुंबईत लाखभर माणसे गेल्याची कथा आजही सांगितली जाते; पण त्या काळच्या वृत्तपत्रांत तिचा मागमूस नाही आणि अभ्यासकांनी ती निराधार ठरवली आहे. धोक्याची आठवण जपताना अशी खोटी आठवण सोबत बाळगू नये, असे मला वाटते.

फयान आणि निसर्ग यांतला फरक ती कोणत्या महिन्यात आली याचा आहे. फयान आले ते मासेमारीच्या ऐन हंगामात. होड्या समुद्रात होत्या आणि अनेक मच्छीमार परतलेच नाहीत. निसर्गच्या वेळी 1 जूनपासूनची मासेमारी बंदी लागू झालेली असल्याने बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या होत्या. त्यामुळे समुद्रातली जीवितहानी टळली, मात्र जमिनीवर ते दिवस आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीचे होते. कौले चाळून झालेली, लाकूडफाटा आणि सुकी मासळी घरात भरलेली, त्यातच टाळेबंदीमुळे मुंबईहून चाकरमानी गावी परतलेले, अशा भरल्या घरांवर वादळ आले.

वादळ नैऋत्येकडून ईशान्येकडे सरकत होते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि वाटचालीच्या उजव्या अंगाला वादळाची स्वतःची गती त्या वाऱ्यात मिळते. म्हणून नाव अलिबागचे झाले तरी सर्वाधिक मार त्याच्या दक्षिणेकडच्या गावांना बसला. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मंगलोरी कौले बहुतांशी स्वतःच्या वजनावर बसलेली असतात. पागोळीकडची एक ओळ उचकटली की वारा आत शिरतो आणि आतून छपराला रेटू लागतो. पत्र्याचे छप्पर तर अख्खेच उडते. विजेचे खांब आडवे झाले, फोन मुके झाले आणि आठच दिवसांनी, 11 जूनला, मोसमी पाऊस दापोलीजवळच्या हर्णैपर्यंत पोहोचला. उघड्या घरांत धान्य भिजले ते त्या पावसाने.

घर पैसा आणि पत्रे मिळाले की पुन्हा शाकारता येते, वाडीचे तसे नाही. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. ती पिकते त्या पोफळीचे खोड मनगटाएवढे नसले तरी मांडीपेक्षा बारीकच, उंची मात्र माडाशी स्पर्धा करणारी आणि सगळा भार शेंड्याला. माड वाकतो, झावळ्या गमावतो आणि पुष्कळदा तग धरतो. पोफळ मधोमध मोडते किंवा मुळासकट आडवी होते आणि पडताना शेजारच्या झाडाला घेऊन पडते. वाऱ्याला अडवायला बाहेरची रांग उरली नाही की आतल्या रांगाही पाठोपाठ जातात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वाड्या त्या एका दुपारी झोपल्या.

नुकसानभरपाईचा वाद इथूनच सुरू झाला. शासनाने बागायतीसाठी हेक्टरी 50,000 रुपये जाहीर केले, आधीच्या निकषांच्या मानाने ही वाढ मोठी होती. पण कोकणातली वाडी हेक्टरात नव्हे, गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या धन्याला त्या हिशेबाने सुमारे 5,000 रुपये येतात, आणि नेहमीच्या नऊ फुटी अंतराने लावलेल्या वाडीत झाडामागे 40 रुपयेही पडत नाहीत. तेवढ्यात पडलेले खोड कापून बाहेर काढण्याची मजुरीही भागत नाही. म्हणून बागायतदारांनी झाडामागे मदत मागितली आणि ती मागणी पूर्णपणे रास्त होती. पुढे नारळ-सुपारीसाठी झाडामागे मदतीचे धोरण शासनाने स्वीकारले.

वर्षभरात, मे 2021 मध्ये, ‘तौक्ते’ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेले आणि जाता जाता दक्षिण कोकणातला हापूस झोडपून गेले. श्रीवर्धनकडे तोवर पडक्या वाड्यांतली लावणी नुकतीच कुठे मार्गी लागत होती. पोफळीच्या कोवळ्या रोपाला ऊन सोसत नाही, त्याला सावली लागते. मोठ्या झाडांची सावली गेलेल्या वाडीत म्हणून आधी केळ लावावी लागते, तिच्या आडोशाला रोप जगवावे लागते आणि पहिल्या सुपारीसाठी त्यानंतर किमान पाच-सहा वर्षे थांबावे लागते.