शिकारी पक्षी व त्यांची अंडी यांतील दीर्घस्थायी प्रदूषकांचे मापन

डीडीटी, डील्ड्रिन, पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिले (पीसीबी) यांसारखी रसायने निसर्गात सहजी विघटित होत नाहीत, चरबीत साठतात आणि अन्नसाखळीत वर जाताना त्यांची संहती (ठरावीक वजनातील वा आकारमानातील प्रमाण) वाढत जाते. म्हणून साखळीच्या टोकाशी असलेल्या गरुड, ससाणा, घार यांच्या ऊतींत व अंड्यांत त्यांचे प्रमाण मोजतात. अशा रसायनांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला व भारताने तो २००६ मध्ये मान्य केला.

या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांच्या १९६७ च्या निबंधापासून मानतात. संग्रहातील अंडी आतून रिकामी केलेली असल्याने कवचाची जाडी थेट मोजणे अवघड होते; तेव्हा त्यांनी कवचाचे वजन (मिग्रॅ.) भागिले लांबी व रुंदी (मिमी.) यांचा गुणाकार असा निर्देशांक योजला आणि बहिरी ससाण्याची कवचे ब्रिटनमध्ये १९४७ च्या सुमारास एकाएकी हलकी झाल्याचे दाखविले. डीडीटीचा प्रसार इतक्या लवकर झाला होता काय, ही शंका पुढे काही काळ राहिली. १९७४ मध्ये डेव्हिड पीकॉल यांनी १९४८ च्या अंड्यांच्या वाळलेल्या अंतस्त्वचेतून डीडीटीपासून बनणारे डीडीई वेगळे काढल्यावर तिचा जोर ओसरला. कवच पातळ होण्यास डीडीई कारण होते, हे आता बहुतेक मान्य आहे. पक्ष्यांची संख्या घटण्याचे मुख्य कारण तेच होते की बियाण्यास चोळलेल्या डील्ड्रिन या कीटकनाशकाने प्रौढ पक्षी मेले, याबाबत मात्र मतभेद आहेत. ब्रिटनपुरता दुसरा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

प्रयोगशाळेत न उबलेले अंडे मध्यरेषेवर कापून आतील द्रव्य काचपात्रात घेतात व कवच धुऊन, वाळवून सूक्ष्ममापकाने मोजतात. द्रव्य निर्जल सोडियम सल्फेटात घोटून हेक्झेनासारख्या विद्रावकाने अर्क काढतात. तो शुद्ध करून वायुवर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफीने) घटक ओळखतात. शुद्धीकरणास सल्फ्यूरिक आम्ल वापरल्यास पीसीबी टिकतात, डील्ड्रिन मात्र नष्ट होते, त्यामुळे अशा अहवालात डील्ड्रिन नसणे हा त्याच्या अभावाचा पुरावा नव्हे. घरट्यात पडून राहिलेल्या अंड्यातील पाणी उडते व संहती फुगलेली दिसते. म्हणून लांबी व रुंदीचा वर्ग यांच्या गुणाकारास ०.५१ ने गुणून मूळ आकारमान काढतात आणि संहती त्यावर बेततात. आकडे चरबीच्या प्रमाणात देण्याचीही रीत आहे. पण प्रथिनांना चिकटणाऱ्या पीएफओएस (परफ्लुओरोऑक्टेन सल्फोनेट) या दीर्घस्थायी रसायनाला ती लागू पडत नाही. संहती कशाच्या प्रमाणात (मूळ आकारमान की चरबी) काढली हे न सांगणारे आकडे तुलनेस निरुपयोगीच समजावेत.

भारतात शेतीसाठी डीडीटीवर १९८९ पासून बंदी असली, तरी रोगवाहक कीटकांसाठी ते वापरले गेले आहे. गिधाडांच्या ऱ्हासात प्रथम कीटकनाशकांवरही संशय होता; कारण ठरलेले डायक्लोफेनॅक दीर्घस्थायी नसल्याने ते या नोंदीच्या कक्षेबाहेर आहे.

गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अरबी समुद्रातील प्राणिप्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांत) डीडीटी मोजले आहे. साखळीच्या वरच्या टोकाला मासे व समुद्रसर्प खाणारा समुद्री गरुड हा त्यास योग्य जोड होय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे शिकारीत मोडते, त्यामुळे निकामी अंडेही परवान्याविना उचलता येत नाही. ब्राह्मणी घार मालिम, कुटबण यांसारख्या जेटींवर सहज दिसते. परंतु तिथे ती मासळीच्या टाकाऊ भागांवरही जगते, आणि ती मासळी बोटींनी दूरवरून आणलेली असू शकते. म्हणून घारीतील प्रदूषक मांडवी-जुवारीच्या मुखाशी जोडण्यापूर्वी नायट्रोजनाच्या समस्थानिकांवरून (आयसोटोपांवरून) तिच्या आहाराची अन्नसाखळीतील पातळी ताडून पाहावी लागते.