नेत्रतपासणीतील विशेष चाचण्या

चष्म्याचा नंबर काढून झाल्यावरही डोळ्याविषयी जे कळायचे उरते, ते शोधणाऱ्या चाचण्या. अक्षरांचा तक्ता डच नेत्रवैद्य स्नेलेन यांनी १८६२ मध्ये आणला. त्यावर फक्त मधली नजर मोजली जाते. शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्यालाही काचबिंदू असू शकतो.

सांगली जिल्ह्यात सर्वांत निकडीची ठरते ती बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या (कॉर्निया), जखमेची तपासणी. वाळवा, पलूस भागात ऊसतोडीच्या वेळी पाल्याची धारदार कड डोळ्याला लागते. जखम किरकोळ वाटते, पण तिच्यातून बुरशी आत शिरू शकते. फ्लुरोसीन रंगाची पट्टी डोळ्याला लावून निळ्या प्रकाशात पाहिले की सोललेला भाग हिरवा चमकतो. व्रण दिसल्यास डोळा बधिर करून त्याच्या कडेचा खरवड काढतात आणि काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीचे धागे बहुधा तिथेच दिसतात. कल्चरला, म्हणजे खरवडीतली बुरशी वाढवून ओळखायला, मात्र काही दिवस लागतात. ही तपासणी न करता मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून घालणे फार घातक आहे. लाली उतरते, आत बुरशी फोफावते आणि शेवटी डोळ्यात फूल पडते.

काचबिंदूसाठी एकच चाचणी पुरत नाही. डोळ्यातील दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांदरम्यान असतो, पण बुबुळ जाड असेल तर तो खोटाच जास्त भरतो. म्हणून पॅकिमेट्रीने जाडीही मोजतात. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा आवाका तपासताना, प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचे असते. बरेच ठिपके दिसले नाहीत म्हणून रुग्ण धास्तावतात. वास्तविक नजरेची सीमा सापडावी यासाठी ते मुद्दाम अंधुक ठेवलेले असतात.

मधुमेहात डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) तपासण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. अर्ध्या तासात बाहुली फुलते, पुढे काही तास जवळचे धूसर दिसते. जत, आटपाडीहून मिरजेला तपासणीसाठी येणाऱ्याने त्या दिवशी मोटारसायकल न चालवता कुणाला तरी सोबत आणावे. पडद्याला सूज असल्यास ओसीटी करतात; १९९१ मध्ये प्रथम मांडलेल्या या तंत्रात प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचे थर वेगळे दिसतात. गळक्या रक्तवाहिन्या शोधायच्या असल्यास हाताच्या शिरेतून फ्लुरोसीन देऊन फोटो काढतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी किंवा नारिंगी होते. हे आधी सांगितलेले नसले तर घरची माणसे घाबरून जातात.