डुंकेलचे यीस्ट फेकू नका: पुढच्या बॅचसाठी कसे जपावे

घरी डुंकेल बिअर करण्याचे साहित्य नेणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हे पत्रक देतो. फर्मेंटरच्या, म्हणजे आंबवण्याच्या भांड्याच्या, तळाशी उरलेला दाट लगदा अनेक जण धुऊन टाकतात, आणि ते ऐकले की आम्हाला खरोखर हळहळ वाटते. त्या लगद्यात पाकिटापेक्षा कितीतरी जास्त आणि जोमदार यीस्ट असते.

आधी बिअरबद्दल थोडे. डुंकेल ही म्युनिकची गडद लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवून थंडच साठवलेली बिअर. श्पाटेन ब्रुअरीने १८९४ मध्ये फिकट हेल्स आणली, त्याआधी त्या शहराची ओळख गडद बिअरचीच होती. तिथल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते. गडद माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) आम्लतेने ते तोलले जाते, फिकट माल्टला ते झेपत नाही. २० लिटरसाठी साधारण ५ किलो म्युनिक माल्ट, रंगासाठी ६० ते ८० ग्रॅम साल काढलेला भाजका माल्ट आणि ४ टक्के अल्फा आम्लाचे ४५ ग्रॅम हालरटाऊ हॉप्स (कडवटपणा देणारी फुले; अल्फा आम्ल हे त्या कडवटपणाचे माप) तासभर उकळायला, एवढे पुरते. सुरुवातीची घनता १.०५० च्या आसपास येईल. चॉकलेट माल्टचा मोह आवरा. डुंकेलला पावाच्या खरपूस कडेची चव हवी, कॉफीची नव्हे.

पहिल्या बॅचला यीस्टची कंजुषी करू नका. लागरला दर मिलिलिटरमागे, दर प्लेटो अंशामागे (प्लेटो हे आंबण्याआधीच्या द्रवातल्या साखरेचे माप; १.०५० घनता म्हणजे सुमारे १२.५ प्लेटो) सुमारे १५ लाख पेशी लागतात. १२.५ प्लेटोच्या २० लिटरला हा आकडा ३७,००० कोटींच्या पुढे जातो. म्हणूनच ११.५ ग्रॅमची दोन पाकिटे घ्यायला सांगतो. वर्ट (उकळलेला, अजून न आंबलेला गोड द्रव) ९ अंशांपर्यंत गार करून यीस्ट घाला, १० अंशांवर आंबू द्या. आंबणे संपत आले की दोन-तीन दिवस १६ अंशांवर ठेवा, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे डायअ‍ॅसिटिल यीस्टच खाऊन टाकते.

यीस्ट काढायची वेळ हीच. बिअर थंड साठवणीसाठी दुसऱ्या भांड्यात ओढून घेतली की लगेच. चार-सहा आठवड्यांच्या लागरिंगनंतर तळाशी बसते ते थकलेले यीस्ट असते, ते बियाण्याच्या कामाचे नाही. तळाशी थोडी बिअर राहू द्या, भांडे हलक्या हाताने फिरवा आणि लगदा निर्जंतुक बरणीत ओता. झाकण घट्ट आवळू नका. आत वायू तयार होत राहतो आणि काचेची बरणी फुटू शकते. बरणी फ्रिजमध्ये १ ते ४ अंशांवर ठेवा.

उकळून गार केलेल्या पाण्याने यीस्ट धुण्याची पद्धत पुष्कळांना आवडते. आमचे मत वेगळे आहे. बिअरमधली आम्लता आणि अल्कोहोल जंतूंना दूर ठेवतात. पाण्यात ते संरक्षण जाते, आणि प्रत्येक ओतण्यागणिक संसर्गाची एक संधी वाढते. यीस्ट त्याच्याच बिअरखाली राहू द्या.

आठवड्याच्या आत तेवढ्याच ताकदीच्या २० लिटरसाठी ३५० ते ४०० मिली दाट लगदा पुरतो. सगळाच्या सगळा ओतण्याची गरज नाही. दोन आठवडे उलटले तर आधी स्टार्टर करून, म्हणजे थोड्याशा वर्टमध्ये वाढवून, यीस्ट जागे करा. वास घ्यायला विसरू नका: हलका गंधकाचा वास लागर यीस्टला असतोच, पण आंबूस किंवा जळक्या रबरासारखा वास आला तर बरणी रिकामी करा. तेव्हा नवे पाकीटच घ्यावे.

डोपेलबॉक, म्हणजे डुंकेलहून कितीतरी कडक लागर, करायची असेल, तर आधी डुंकेल करा. १.०७५ घनतेच्या वर्टला लागणारे यीस्ट पाकिटांतून उभे करणे महागात पडते. डुंकेलच्या तळाशी ते आयते मिळते. अर्धा लिटर दाट लगदा घाला. डोपेलबॉकचे यीस्ट मात्र पुढे नेऊ नका, इतक्या अल्कोहोलमध्ये त्याच्यावर फार ताण आलेला असतो. डुंकेलवरून डुंकेल अशा पाच पिढ्यांपर्यंत जायला हरकत नाही. प्रत्येक बरणीवर यीस्टचे नाव, तारीख आणि कितवी पिढी हे लिहून ठेवा.